मतं ‘खाल्ली’ कुणी? एका गुणोत्तराची मर्यादा

२०२४ च्या विधानसभा निकालानंतर अर्नाळ्यात चहाच्या टपरीवर एकच वाक्य कानावर यायचं: ‘तिसऱ्याने मतं खाल्ली.’ वसई मतदारसंघात भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित ३,१५३ मतांनी जिंकल्या. बविआचे हितेंद्र ठाकूर दुसरे, सुमारे ७४ हजार मतं. काँग्रेसचे विजय पाटील तिसरे, सुमारे ६२ हजार.

गॅरी कॉक्स यांनी ‘मेकिंग व्होट्स काउंट’ (१९९७) या पुस्तकात अशा लढतींसाठी सोपं माप दिलंय: तिसऱ्याची मतं भागिले दुसऱ्याची मतं. मागे पडलेल्याला सोडून लोकांनी डावपेचाने मत दिलं, तर उत्तर शून्याकडे जातं. दुसरा कोण नि तिसरा कोण हेच आधी कळत नसेल, तर एकाकडे. वसईत ते ०.८४ येतं.

माप छान आहे, पण इथे ते अपुरं पडतं. पाटलांना मत देणारा एक जण म्हणत असेल, ‘हरला तरी चालेल, माझा उमेदवार हाच.’ दुसऱ्याचा हिशोब असेल, ‘भाजपला हरवू शकेल तर हाच.’ पहिल्याने मनाचं ऐकलं, दुसऱ्याने डाव खेळला आणि अंदाज चुकला. गुणोत्तरात दोघे सारखेच!

टपरीवरचं वाक्यही तपासा. पाटलांच्या मतदारांची दुसरी पसंती ठाकूरच, हे आपण गृहीत धरतो. ईव्हीएम दुसरी पसंती विचारतच नाही.

म्हणून, संशोधनाला लागणाऱ्यांनो, निकालाच्या आकड्यांवरून हेतू काढू नका. मतदानाआधी तीन प्रश्न विचारा: आवडता कोण, जिंकेल कोण, मत कुणाला? आवडता एक आणि मत दुसऱ्याला निघालं, तरच डावपेचाबद्दल बोलता येईल.