‘झपाटलेला’ : भय, विनोद आणि श्रद्धेचा प्रश्न

प्रस्तावना :
मराठी चित्रपटाच्या जडणघडणीत कोल्हापूरचे स्थान अनन्यसाधारण आहे. बाबूराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’ (१९२०) या मूकपटातील कीचकवध इतका खरा भासला की, ते दृश्य वगळावे लागले. पडद्यावरील करामत आणि प्रेक्षकांचे भय यांचे नाते असे जुने आहे. महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ (१९९३) या लोकप्रिय भयविनोदी चित्रपटाचा विचार याच संदर्भात करणे उचित ठरते.

विवेचन :
मरणोन्मुख गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटातून आली आहे. तथापि तिचे मराठीकरण केवळ नावांपुरते राहत नाही. मूळ चित्रपटात बाहुला लहान मुलाच्या हाती पडतो. येथे तो शब्दभ्रमाची आवड असलेल्या लक्ष्याकडे (लक्ष्मीकांत बेर्डे) येतो. बाहुल्यांना बोलते करणाऱ्यानेच ‘बाहुला आपणहून बोलला’ असे सांगितले, तर त्यावर विश्वास कोण ठेवणार? कलावंताची कलाच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. या पेचातूनच हसू आणि भीती एकाच वेळी निर्माण होतात. रामदास पाध्ये यांनी घडविलेला बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यांमुळे मर्यादित साधनांतही तात्या विंचू सजीव वाटतो.

चित्रपटाची वैचारिक बाजू मात्र दुबळी आहे. बाबा चमत्कारचा मंत्र गुन्हेगाराच्या हाती पडतो व अनर्थ घडतो; येथे बुवाबाजीवर टीका करण्याची संधी होती. परंतु अनर्थावरचा उपायही बाबाच सांगतो. इन्स्पेक्टरची गोळी भुवयांच्या मध्ये लागली तरच परिणामकारक ठरते. म्हणजेच कायद्याचे शस्त्रही अखेर मंत्रविद्येच्या नियमानेच चालते.

निष्कर्ष :
‘झपाटलेला २’ हा त्रिमितीय उत्तरभाग २०१३ मध्ये आला. त्याच वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. या पार्श्वभूमीवर चित्रपटास अंधश्रद्धेचा प्रचारक ठरविणे अन्यायाचे होईल. कारण हसणारा प्रेक्षक मंत्रावर श्रद्धा ठेवतोच असे नाही. मात्र भयाला हसण्याचे धैर्य देणारा हा चित्रपट बाबाला हसण्याचे धैर्य दाखवीत नाही. त्याची लोकप्रियता मान्य करूनही ही उणीव नोंदविणे समीक्षेचे कर्तव्य ठरते.