राजवाडा जपला, सराफ्याचं काय?

इंदूरच्या वारशावर हल्ली जे लिहिलं-बोललं जातं, ते राजवाड्याच्या दारात सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथंच संपतं. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, 1801, 1908 आणि 1984 च्या आगी, मग जीर्णोद्धार. सगळं खरं. पण मागचा सराफा या वर्णनात येतो तो फक्त खाऊगल्ली म्हणून, आणि रस्तारुंदीची चर्चा निघाली की अडथळा म्हणून. माझा आक्षेप इथं आहे.

दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार, आणि दुकानं वाढवली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, जिलबी, थंडीत गराडू. रात्रभर माणसं जागी, त्यामुळे पेढ्यांची राखणही आपसूक, असं जुने लोक सांगतात. जागा एक, वापर दोन. अशी काटकसर आम्हा इंजिनिअरांना कागदावर सहसा सुचत नाही. हा वारसा भिंतीत नाही, ओटा आणि घड्याळ यांच्या मेळात आहे. ओटा तोडला की मेळ गेला. दर्शनी भाग कितीही रंगवा.

होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिस यांनी 1918 साली दोन खंडांचा अहवाल लिहिला. गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ (हे आमच्या मंडळींना जरा झोंबतं). त्यांचं सूत्र असं, की जुनी वस्ती सरसकट पाडू नका. मोडकळीला आलेलं तेवढं काढा, हवा-उजेडाला मोकळी जागा करा, बाकीचं दुरुस्त करा. आज गेडिस यांचं नाव भाषणात हमखास येतं. अहवाल उघडून पाहणारे थोडे.

आगीचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. अरुंद गल्ली, जुनं लाकूडकाम, त्यात गॅसच्या टाक्या आणि उकळतं तेल. गेडिस यांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. पण त्याला उत्तर रुंदीकरण नव्हे. रुंद रस्त्यावर आधी गाड्या उभ्या राहतात, बंब नंतर येतो! टाक्या गल्लीबाहेर ठेवून नळानं गॅस आणणं, बंबाला पाणी मिळेल अशी जोडणी ठिकठिकाणी देणं, जुन्या वायरिंगची तपासणी, ही कामं आधी करता येतील.

आणि त्याहीआधी नोंद हवी: कुठला ओटा, दिवसा कोणाचा, रात्री कोणाचा, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत.