देवनागरीच्या हत्यारांचा भाव

पैठणात नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ती उतरवून घ्यायला बोरू, शाई आणि अक्षरओळख पुरे होती. पंचवीस वर्षांपूर्वी डीटीपीवर जुळवलेली पोथी आज उघडून बघा. मूळ फॉण्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. सॉफ्टवेअरला कुलूप असेल तर आधी किल्ली, म्हणजे तो डोंगल, शोधायचा. असं का झालं? आमच्या मते याचं मोठं कारण भाव लावण्यात आहे.

1991 साली इस्की हे भारतीय मानक ठरलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसकट आली. तरी छपाईचे फॉण्ट प्रत्येकाने आपापल्या सांकेतिक आकड्यांत काढले. गिऱ्हाईक थोडं, मग ते हातचं सुटू नये ही धडपड. धंदा म्हणून समजण्यासारखं आहे, पण भुर्दंड लिपीने भरला.

आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट कार्ड घ्या. डॉसवर मराठी उमटवायची तेव्हा ती मोठीच सोय होती, हे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण वाचनालयाची नोंदवही करणारा प्रोग्रामर काय हिशेब करील? आपल्या प्रोग्रामच्या किमतीत गिऱ्हाइकाच्या कार्डाचीही भर पडणार.

आता नुसता हिशेब. समजा, साधन बनवायला 20 लाख लागले आणि घेणारे 200 आहेत. माणशी 10,000 झाले. ते ऐकून निम्मे परत गेले की उरलेल्यांवर 20,000. शिकणारा पोरगा तर दारातच थांबतो, आणि उद्याचे प्रोग्राम त्यानेच लिहायचे असतात!

1983 साली बोरलँडने टर्बो पास्कल 49.95 डॉलरला काढला, इतर कंपायलर शेकड्यांत असताना. लोक हा दाखला फार देतात. बरं, पण त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची गर्दी होती, आपल्याकडे नाही. म्हणून सरसकट स्वस्ताई आम्हाला पटत नाही. वर्तमानपत्राला आणि विद्यार्थ्याला एकच भाव लावणं, ही खरी चूक.

मग फुकट? 2005 पासून सरकारने भारतीय भाषांच्या साधनांच्या सीड्या फुकट वाटल्या. चांगलं केलं. पण वाटप एकदा होतं, दुरुस्ती दरवर्षी लागते. जोडाक्षरं नीट बसवणारं हार्फबझ फुकट असूनही टिकलं, कारण ते वापरणाऱ्या मोठ्या कंपन्या त्यावर पगारी माणसं लावतात. मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉण्टही असाच कुणालाही वापरता येतो.

फॉण्ट घडवायचं मात्र वेगळं. ग्लिफ्स हे नावाजलेलं साधन फक्त मॅकवर चालतं. म्हणजे परवान्याच्या आधी यंत्राचाच खर्च. फॉण्टफोर्ज फुकट आहे, विंडोजवर चालतं, पण शिकवणारा माणूस हवा. तो पगार कुठल्याच किंमतपत्रकात नसतो.

आमची मागणी छोटी आहे. व्यावसायिकाकडून पुरे पैसे घ्या, शिकणाऱ्याकडून पहिली विक्री होईपर्यंत काही घेऊ नका. आणि बंद पडलेल्या फॉण्टांचे आकड्यांचे तक्ते खुले करा, म्हणजे त्या पोथ्या युनिकोडमध्ये आणता येतील. त्या तक्त्यांना आता गिऱ्हाईक तरी कोण उरलंय?