वाकळीचा मध्य

वाकळ बघायची तर आधी पालथी करावी. वरच्या अंगाला ठिगळांचे रंग असतात, नजर त्यांच्यातच गुंतते. खालच्या अंगाला नुसता दोरा असतो, आणि शिवणारीचा हात कळतो तो तिथंच. कऱ्हाडच्या आमच्या घरातली जी वाकळ मला सर्वांत आवडते, ती पालथी केल्याशिवाय कळतच नाही, कारण ती दोघींनी शिवली आहे. सुरुवात आजीची, शेवट काकूचा. मधली कितीतरी वर्षं ती ट्रंकेत घडी घालून पडलेली होती.

खालचं अंग म्हणजे आजीचं गर्द निळं इरकली लुगडं. इरकलीच्या पदराचा ताणा वेगळा असतो, तो अंगाच्या ताण्याला कोंडी घालून जोडतात. पदर रेशमी, आणि जुनं रेशीम सुताच्या आधी चिरतं. म्हणून आजीनं पदर कापून घेतला आणि त्यातला जेवढा धड होता त्याचे त्रिकोण करून चारी कोपऱ्यांना बसवले. तांबड्यावर पांढरी टोपतेणीची नक्षी. लुगड्याचा जो भाग सगळ्यांत मिरवायचा, तोच कोपऱ्यात. वाकळ झटकताना, वाळत घालताना हात तिथंच पडतो, आणि तो भाग आधी झिजणार हे तिला ठाऊक असणारच. तरीही तिनं तो तिथं लावला. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची फुलं शिवतात. त्यांचे पुष्कळसे पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून घाटावरच्या जंगलात शिरलेले. कोपरा सजवल्याशिवाय पांघरूण पुरं झालं असं न मानणाऱ्या या बायका आणि माझी आजी, यांची भेट कधीच झाली नसेल.

सिद्दींची कवंदी आणि आमची वाकळ यांच्यात आणखी एक गोष्ट समान आहे. दोन्ही कडेपासून आत शिवत नेतात. एक फेरा पुरा झाला की त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. आजीचा टाका तांदळाएवढा, दोन ओळींमध्ये बोटभर अंतर, आणि कुठंही गाठ दिसत नाही. चौथ्या बाजूला वळताना दोरा मोडत नाही, कोन धरून फिरतो. पण कडेकडून शिवत गेलं की प्रत्येक फेरा कापडाचा थोडा थोडा झोळ आत ढकलत जातो. वरचं आणि खालचं कापड कितीही ताणून अंथरलं तरी हा झोळ टळत नाही. सगळा जाऊन मधे साचतो.

आजीची वाकळ नेमकी तिथं थांबली. एक तर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शिवाय आत घालायला जे मांजरपाट लागे, ते आजोबा मुंबईहून गिरणीतून आणत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला; मग आजोबा गावी आले ते कायमचेच. मांजरपाट संपलं, वाकळ मिटली.

काकूनं ती उघडली तेव्हा तिच्या हाती आलेला मध्य असा होता: चारी बाजूंनी घट्ट शिवलेली चौकट आणि आत फुगलेलं, घड्यांवर पिवळं पडलेलं कापड. त्यात घरातल्या चिंध्या एव्हाना बदलल्या होत्या. आजीच्या वेळी चिंधी म्हणजे सूत: धोतर, खण, परकर, झबली. आता टेरिकॉटच्या पँटी आणि गुळगुळीत छापील साड्या. टेरिकॉट दमदार, जुनं सूत विरलेलं. दोन्ही एकाच टाक्यात धरली तर दमदार कापड हटत नाही आणि सूत टाक्याच्या रेघेवर फाटतं.

समोरून बघणाऱ्याला हा मध्य म्हणजे रंगांचा नुसता उत्सव वाटतो. कडेला आजीची हातभर लांबीची शांत ठिगळं, आणि मधे बोटबोटभर तुकड्यांची गर्दी, एकही सरळ नाही. मलाही पूर्वी ती काकूची हौस वाटे. पालथी केल्यावर खरं कळतं. इरकलीच्या निळ्यावर, बरोबर त्या गर्दीच्या मागे, बारीक बारीक उंचवटे हाताला लागतात. त्या चुण्या आहेत. काकूनं साचलेला झोळ चिमटीत धरून जागोजाग दुमडला आणि प्रत्येक चुणीवर वरून एक ठिगळ मारलं. चुणी जिकडं वळली तिकडं ठिगळ वळलं. टेरिकॉटच्या तुकड्यांखाली तिनं आधी धोतराची पट्टी घातली आहे, म्हणजे ओढ जुन्या लुगड्यावर न येता पट्टीवर येते.

मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “झोळ ओढून काढला असता तर आत्याबाईंचे टाके तुटले असते. मग मधेच जिरवला.”

आणि तो सांधा! आजीचा शेवटचा फेरा अर्धाच राहिला होता, दोरा लोंबत होता. काकूनं तो कापला नाही. त्याच्या शेजारून आपला दोरा घेतला आणि वीतभर दोन्ही ओळी बरोबरीनं चालू ठेवल्या. मग आजीचा दोरा आत दडपला. तिचा टाका आजीच्या दुप्पट लांब आहे आणि तो बारीक करण्याचा तिनं प्रयत्नच केलेला नाही. मला हे फार मोठं वाटतं. नक्कल केली असती तर ती दर फेऱ्याला उघडी पडली असती.

अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीत टांगल्या गेल्या. तो मान त्यांचा होताच. पण टांगलेल्या गोधडीची पाठ भिंतीकडे जाते, आणि आमच्या वाकळीचं सगळं शहाणपण पाठीवर आहे.

एका बाबतीत मात्र माझं काकूशी पटत नाही. शेवटी तिनं चारी कडांना मशीनवर साटिनचा गुलाबी गोठ मारला. त्यानं कोपऱ्यांतली टोपतेणी निम्मी झाकली, आणि धुतल्यावर सूत आटतं तसा हा आटत नाही, म्हणून कडा लाटेसारख्या उठतात. काकूचं म्हणणं, ओढताना हात कडेलाच लागतो, तिथं टिकाऊ काहीतरी हवंच, आणि गोठ काय, फाटला की बदलता येतो. तिचं चुकत नाही. पुढचा गोठ तरी सुती लावायचा आणि कोपरे उघडे ठेवायचे, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.