वाचण्याचं दार, लिहिण्याचं दार

जेमिनी हा २०१९ साली आलेला, मुद्दाम साधा ठेवलेला इंटरनेट प्रोटोकॉल. मागणी एकाच ओळीची, १०२४ बाइटपर्यंतचा पत्ता. भामरागडसारख्या कमी रेंजच्या भागाला असंच हलकं काही हवं, हे आम्हाला मान्य आहे. पण एवढ्या ओळीत वाचणं मावतं, लिहिणं फारसं मावत नाही. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या मेंढा-लेखासारख्या ग्रामसभेला आपला ठराव तिथे चढवायचा असेल तर?

त्यासाठी टायटन. मजकुराचा आकार, प्रकार आणि टोकन सांगायचं, मग मजकूर पाठवायचा. यानं साधेपणा बिघडतो, हा आक्षेप आम्हाला पटत नाही. टायटननं जेमिनीला हात लावला नाही, शेजारी वेगळं दार केलं. २०१० मध्ये छत्तीसगडात सुरू झालेल्या सीजीनेट स्वरावर एक दाबून बोलायचं, दोन दाबून ऐकायचं. साध्या फोनवर दोन्ही जमलं.

आमची टीका वेगळीच आहे. टोकन कुणाला द्यायचं, हे सर्व्हर चालवणारा ठरवतो. सर्व्हर पुण्यात आणि टोकनही तिथल्याच कुणाकडे असेल, तर गडचिरोलीतलं गाव पुन्हा नुसतं वाचकच राहिलं. दार केलंत, छान. किल्ली ग्रामसभेकडे द्या.