मान वळवून पाहायचं लेणं

घारापुरीला जाणाऱ्याच्या हाताशी वेळ थोडाच असतो. सकाळची लाँच गाठायची, धक्क्यावरून रमतगमत चालायचं, काकडी-कैरीवाल्यांच्या मधून शंभरावर पायऱ्या चढायच्या आणि शेवटची लाँच सुटायच्या आत खाली उतरायचं. यातून लेण्याच्या वाट्याला दोन तास आले तरी पुष्कळ. बहुतेकांचे ते दोन तास त्रिमूर्तीसमोर फोटो काढण्यात आणि माकडांपासून वेफर्सचं पाकीट वाचवण्यात जातात. तसे दोन तास काही कमी नाहीत. एकच पथ्य पाळायचं: आत शिरल्याशिरल्या त्रिमूर्तीकडे नाकासमोर चालत सुटायचं नाही. तिला शेवटी ठेवायचं.

नवी मुंबईकराला हे बेट तसं घरचंच. तालुका उरण, समोर न्हावा, आणि त्याच्या पलीकडे १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या क्रेन. पण बंदर म्हणून घारापुरी या सगळ्यांपेक्षा पुष्कळ थोरली. बेटावरच्या तिन्ही गावांची नावं पाहा: राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. इथल्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत, कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली आहेत. दुसऱ्या पुलकेशीने जहाजांचा ताफा घेऊन कोकणच्या मौर्यांच्या पुरीवर केलेल्या स्वारीचा उल्लेख ६३४ सालच्या ऐहोळेच्या शिलालेखात आहे. ती पुरी म्हणजे घारापुरीच की दुसरं एखादं ठिकाण, यावर अभ्यासकांचा वाद चालूच आहे. तो चालू दे. मुद्दा असा की सहाव्या शतकाच्या मध्याला हा डोंगर कोरला गेला तेव्हा इथे येणारा प्रत्येक माणूस होडीतून उतरत होता आणि त्यातल्या कित्येकांना आपल्यासारखंच परत होडीत बसायचं होतं. समोरच्या बंदरात येणाऱ्या आजच्या कंटेनर जहाजावरच्या खलाशाला तेवढी उसंतही क्वचितच मिळते. माल उतरला, माल चढला, चला.

मुख्य लेण्याला तीन बाजूंनी उजेड आहे: उत्तर, पूर्व आणि पश्चिम. आपण तिकीट काढून उत्तरेकडून शिरतो, म्हणून समोर दक्षिणेच्या भिंतीतला सदाशिव, म्हणजे हीच त्रिमूर्ती, दिसतो आणि तोच सगळ्याचा केंद्रबिंदू वाटतो. पण पूर्वेच्या अंगणात जाऊन आत पाहावं. खांबांच्या रांगेतून सरळ रेषेत दिसतो तो लिंगाचा गाभारा. चौकोनी, चार दारांचा, प्रत्येक दाराशी दोन दोन धिप्पाड द्वारपाल. देऊळ म्हणून लेण्याचं तोंड पूर्वेला आहे आणि दर्शन म्हणून उत्तरेला. या दोन वाटा दालनात एकमेकींना छेदतात. कोरणाऱ्यांनी भाविकाला एका जागी उभं करून सगळं दाखवायचं ठरवलेलंच नव्हतं. त्याला फिरवायचं होतं.

आणि फिरवताना दर दाराशी थांबवायचं होतं, कारण तिन्ही दारांशी शिल्पपट समोरासमोर आहेत. पूर्वेला एकीकडे शिवपार्वती कैलासावर सारीपाट खेळताहेत आणि पार्वतीने रुसून तोंड फिरवलंय. दुसरीकडे रावण खालून तोच कैलास हलवतोय. एकाच डोंगरावरचा घरगुती रुसवा आणि एकाच डोंगराचा भूकंप. दोन्ही पट इतके झिजलेत की कल्पनेनेच भरून काढावे लागतात. म्हणून इथे फार रेंगाळू नये.

उत्तरेच्या दाराशी मात्र रेंगाळावं. आत येताना उजव्या हाताला नटराज, डाव्या हाताला योगीश्वर. एकाच देवाची दोन रूपं, मध्ये काही पावलांचं अंतर. नटराजाचे बरेचसे हात तुटलेत, पाय तर नाहीतच. नाचणाऱ्या मूर्तीचे हातपाय गेल्यावर उरलं काय, असं कुणीही म्हणेल. उरली ती कंबर. धड एका बाजूला झुकतं, खांदे दुसऱ्या बाजूला जातात, मान हलकेच तोल सावरते आणि तेवढ्या एका पिळातून गेलेले हात कुठे कुठे असतील ते डोळ्याला कळतं. गणपती, ब्रह्मा, गरुडावरचा विष्णू, हत्तीवरचा इंद्र भोवती जमलेत, पार्वती बाजूला उभी आहे. आता मान वळवा. योगीश्वराचेही हात गेलेत, पण इथे त्यांची उणीव भासत नाही. कमळावर बसलेलं ते धड ओळंब्यात धरल्यासारखं सरळ आहे. समोर जो पीळ होता तो इथे सुटलाय. एकट्या नटराजाकडे पाहिलं तर तो सुंदर आहेच. पण योगीश्वराकडे पाठ करून तो पाहिला की तो नाच शांततेतून निघालाय हे जाणवतं, आणि हेच मला या लेण्याचं मोठं बळ वाटतं.

पश्चिमेची जोडी सर्वांत धीट. एका भिंतीवर लग्न, दुसरीवर वध. लग्नात पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, वधूच्या जागी. मान किंचित झुकलेली, शरीराचा भार एका पायावर, आणि पाय तुटलेले असूनही तो भार कळतो. तिच्या मागे उभा आहे त्याला हिमवान मानतात. त्याचा हात तिला हळूच पुढे करतो. आपल्याकडे अंतरपाटाच्या वेळी मुलीच्या पाठीशी मामा उभा असतो, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पाण्याचा कुंभ घेतलेला एक जण बाजूला आहे, ब्रह्मदेव भटजीच्या जागी खाली बसलाय. वर देवांची गर्दी हवेत तरंगते. शिवाचा हात तिच्या हाताकडे येतो आणि नेमका तिथेच दगड फुटलाय. पाणिग्रहणाचा पट, आणि त्यातले हातच गेलेले.

आता उलट वळावं. इथे तोच नवरदेव अंधकासुराला मारतोय. डोळे बाहेर आलेले, दात विचकलेले, हत्तीचं कातडं वर ताणून धरलेलं. एका हातात वाडगा आहे, कारण अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा अंधक उठतो. संहाराच्या ऐन क्षणी एक हात सांडलवंड होऊ नये म्हणून जपतोय, हा तपशील मला भयंकरही वाटतो आणि थोर कारागिरीचाही. रागातला माणूस सगळ्या अंगाने रागावतो. हा देव तसा नाही.

एवढं पाहून मगच दक्षिणेच्या भिंतीकडे जावं. साडेपाच मीटरच्या आसपास उंचीचा सदाशिव, छातीपासून वर. लोक त्याला ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात, पण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. आपल्या डाव्या हाताचं मुख अघोर: मिशी, आठी, हातात साप. उजव्या हाताचं मुख जवळजवळ बाईचं: कुरळ्या बटा, मोत्यांचे सर, हातात कमळ. मधलं मुख डोळे मिटलेलं, जाड खालचा ओठ, आणि चेहऱ्यावर काहीही सांगायची घाई नाही. आल्या आल्या पाहिलं असतं तर ती फक्त एक भव्य मूर्ती वाटली असती, पर्यटन महामंडळाच्या बोधचिन्हातली. आता तिच्यातली प्रत्येक रेषा आधी भेटलेली असते. अघोराची आठी अंधकवधातली. बाईपणाच्या मुखाची नजर आहे त्या दिशेला, गंगा जटेत धरणाऱ्या गंगाधराच्या पटापलीकडे, लग्नाचा पट आहे. मधलं मुख योगीश्वराचं. आणि अघोर पाहतो त्या बाजूला कोण उभं आहे? अर्धनारीश्वर, नंदीवर रेललेला, एका अंगाने बाई. दारोदारी समोरासमोर ठेवलेली जोडी इथे एकाच मानेवर आणून बसवली आहे. दुसऱ्या लेण्यांत याहून नाजूक कोरीवकाम सापडेल, वेरूळच्या कैलासाची झेप तर वेगळीच. पण शेजारच्या शिल्पाला सोबत घेऊन बोलणारं एवढं मोठं काम मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

दगड फुटला त्याला खारी हवा, ओल आणि माणसं, सगळेच कारणीभूत आहेत. १५३४ नंतर बेट पोर्तुगीजांकडे होतं. त्यांच्या शिपायांनी इथे नेमबाजी केली असं सांगतात. इथला एक शिलालेखही त्यांच्या काळात पोर्तुगालला गेला आणि हरवला, त्यामुळे हे कुणी कोरवलं ते दगडावर लिहिलेलं उरलं नाही. वॉल्टर स्पिंकसारखे अभ्यासक नाण्यांचा आधार घेऊन कृष्णराजाकडे बोट दाखवतात.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तोही आता बेटावर नाही. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, उचलताना तो पडून फुटला, आणि १९१४ साली तुकडे जोडून राणीच्या बागेत उभा केला. तो पाहायचा असेल तर लाँच सोडून भायखळ्याला उतरावं लागतं. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर आहे.