दाराशी उभी असलेली सून

मेरिलिन रॉबिन्सन यांच्या ‘गिलियड’ (२००४), ‘होम’ (२००८), ‘लायला’ (२०१४) व ‘जॅक’ (२०२०) या कादंबऱ्या आयोवातील एका गावाच्या निमित्ताने ‘आपले कोण?’ असा प्रश्न करतात. वृद्ध पाळक आपल्या उधळ्या पुत्राला, जॅकला, घरात घेतो. परंतु कृष्णवर्णीय सहचरी डेला हिच्याविषयी जॅक पित्यापाशी बोलू धजत नाही. ‘होम’च्या शेवटी ती लेकराला घेऊन दाराशी येते, तेव्हा जॅक निघून गेलेला असतो, अंधारापूर्वी तिलाही परतावे लागते. ‘जॅक’मध्येही डेला त्याच्याच दृष्टीतून दिसते, ही उणीव आम्हांस जाणवते. तरी ही मालिका पाळकांनी अवश्य वाचावी. उधळ्या पुत्राचा दाखला आपण नित्य सांगतो. त्याच्या पत्नीसाठी आपली मंडळी बाकावर जागा करील काय?